दुसऱ्या खुर्चीत किती वर्षं बसायची तयारी आहे?

न्यू जर्सीहून एका आईने विचारलं आहे: "ताई, आमची मुलगी कॉलेजच्या जिम्नॅस्टिक्स टीममध्ये शेवटच्या वर्षाला आहे. बायोलॉजी संपवून पुढे काहीतरी शिकेल असं वाटत होतं, तर आता म्हणते, मला कोच व्हायचंय आणि एक दिवस हेड कोच. याला करिअर म्हणतात का? रस्ता कसा असतो, पैसा किती, भरवसा किती? आम्ही दोघंही आयटीतले, आम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही."

करिअर म्हणतात. पण त्यातली बहुतेक वर्षं हेड कोचच्या शेजारच्या खुर्चीत जातात, आणि त्या खुर्चीत नीट बसता आलं तरच पुढची मिळते. मिळाली तर.

आधी मी कोण ते सांगते. मी दादरची. लहानपणी समर्थ व्यायाम मंदिरात दोरीचा मल्लखांब, मग जिम्नॅस्टिक्स, मग एक्सरसाइज सायन्समध्ये मास्टर्स करायला अमेरिकेत. तिथे दोन वर्षं ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून विद्यापीठाच्या जिममध्ये राबले, नंतर अकरा वर्षं असिस्टंट कोच, चार वर्षं असोसिएट हेड कोच आणि शेवटची नऊ वर्षं हेड कोच. टीव्हीवर दिसणाऱ्या विद्यापीठांपैकी आमचं नव्हतं. मधल्या फळीतलं होतं. मल्लखांबाला अढी, म्हणजे पायांची पकड, पक्की झाल्याशिवाय सर पुढचं काही शिकवायचे नाहीत. त्या सवयीचा मला या धंद्यात जितका उपयोग झाला तितका मास्टर्सच्या डिग्रीचा झाला नाही.

खेळ तुमच्या घरात सगळ्यांना पाठ असेल, म्हणून थोडक्यात. चार प्रकार: व्हॉल्ट, बार्स, बीम, फ्लोअर. प्रत्येकावर सहा मुली उतरतात, वरचे पाच गुण धरतात. एका कसरतीला जास्तीत जास्त १०, म्हणजे संघाला २००. हंगाम जानेवारी ते एप्रिल. १९७ च्या पुढे गेलात तर रात्री झोप लागते.

आता रस्ता. लोक जुन्या दिग्गजांच्या गोष्टी ऐकतात आणि फसतात. ग्रेग मार्सडेन १९७५ मध्ये युटा विद्यापीठात महिला संघ उभा करायला लागले तेव्हा ते स्वतः तिथे शिकत होते. चाळीस हंगाम तिथेच राहिले, दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि २०१५ मध्ये निवृत्त झाले. अलाबामामध्ये सेरा पॅटरसन यांना १९७८ मध्ये नेमलं ते फुटबॉलचे प्रसिद्ध कोच बेअर ब्रायंट यांनी. तेव्हा त्या जेमतेम बावीस वर्षांच्या होत्या. पुढे सहा विजेतेपदं. हे घडलं कारण १९७२ मध्ये टायटल नाइन नावाचा कायदा आला, मुलींनाही खेळाच्या संधी देणं विद्यापीठांना भाग पडलं आणि कुणालातरी पटकन उभं करायचं होतं. एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळ चालवणारी संघटना, तिची पहिली महिला जिम्नॅस्टिक्स स्पर्धा झाली १९८२ मध्ये. तोवर हे पद म्हणजे अर्धवेळचं काम होतं, त्यासाठी रांग लागत नव्हती.

एक गंमत त्याच कायद्याची. तो येण्याआधी मुलींच्या कॉलेज संघांना शिकवणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक बायका होत्या. पदाला पगार आणि मान आला तसे पुरुष आले, आणि हे प्रमाण चाळीसच्या आसपास घसरलं. जिम्नॅस्टिक्समध्ये आणखी एक चाल दिसते, नवरा-बायको मिळून संघ चालवण्याची. मार्सडेन दांपत्य, पॅटरसन दांपत्य, आणि ओक्लाहोमात हेड कोच के. जे. किंडलर आणि त्यांचे पती लू बॉल. घरी जेवायला बसलं तरी विषय बीमचा. आमच्या घरी नवरा अकाउंटंट, त्यामुळे मी वाचले.

मार्सडेन-पॅटरसन आले त्या दारांनी आज कुणी आत येत नाही. अपवाद सांगतात तो जॉर्डिन वीबरचा: २०१९ मध्ये तेविसाव्या वर्षी आर्कान्सा विद्यापीठाची हेड कोच. पण ती २०११ ची सर्वंकष (चारही प्रकार मिळून) जगज्जेती, २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमधल्या सुवर्णपदक विजेत्या संघातली, आणि त्याआधी यूसीएलए विद्यापीठात बिनपगारी व्हॉलंटियर कोच म्हणून राबलेली. शेजारची खुर्ची तिलाही चुकली नाही, लवकर सुटली इतकंच.

त्या खुर्चीबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय, आणि ते कोच जे क्लार्क यांच्या गोष्टीतून सांगते. जॉर्जिया विद्यापीठात सुझॅन योकुलान यांच्या हाताखाली त्यांनी जवळजवळ दोन दशकं काढली. योकुलान म्हणजे दहा विजेतेपदं, त्यांतली शेवटची पाच २००५ ते २००९ सलग. पाचवं जिंकून त्या निवृत्त झाल्या आणि खुर्ची क्लार्कना मिळाली. विचार करा, तुमच्या आधीच्या बाईंनी ओळीने पाच वेळा देश जिंकलाय, आणि उद्या सकाळी तुम्ही सराव घ्यायचा आहे. २०१० मध्ये जॉर्जियाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचलाच नाही. तीन हंगामांनंतर, २०१२ मध्ये, क्लार्कनी पद सोडलं.

बहुतेक माणसं इथे धंदा बदलतात. विमा विकतात, नाहीतर स्वतःचा क्लब काढतात. क्लार्क त्याच वर्षी लुइझियाना स्टेटला, म्हणजे एलएसयूला, पुन्हा दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसले. पहिल्या खुर्चीत होत्या डी-डी ब्रो. सत्तरच्या दशकापासून त्याच जागी असलेल्या, संघ शून्यातून उभा केलेल्या, पण विजेतेपद नाही. २०१६, २०१७ आणि २०१९, तिन्ही वेळा दुसरा क्रमांक. २०२० मध्ये ब्रो निवृत्त झाल्या आणि संघ क्लार्ककडे आला. २० एप्रिल २०२४ ला, टेक्ससमधल्या फोर्ट वर्थला, एलएसयूने १९८.२२५ गुण करून पहिलं विजेतेपद घेतलं. ब्रो यांच्या चार दशकांच्या पायावर, आणि जॉर्जियात हात पोळलेल्या माणसाच्या हातून.

मी स्वतः असोसिएट असताना क्लार्क यांचं जॉर्जियातलं प्रकरण आमच्या कोचिंग वर्तुळात फार चघळलं गेलं. "नंबर दोनचा माणूस नंबर दोनच," असं लोक बिनदिक्कत म्हणायचे. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. दिग्गजाच्या लगेच मागे जाऊन बसणं हा या धंद्यातला सगळ्यात वाईट मुहूर्त. तुमच्या मुलीला कधी निवड करायची वेळ आली तर जिंकून दमलेल्या संघापेक्षा पडलेला संघ घ्यायला सांगा. बेव्ह प्लॉकी १९८९ मध्ये तरुणपणी मिशिगनला गेल्या. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं २०२१ मध्ये, बत्तिसाव्या हंगामात. तेही ओक्लाहोमापेक्षा ०.०८७५ ने जास्त. बत्तीस वर्षं एका विद्यापीठाने वाट पाहिली कारण मधल्या काळात संघ सतत वर चढत होता. आज इतका धीर धरणारा क्रीडा विभागप्रमुख, म्हणजे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर मिळेल का, शंका आहे.

शेजारच्या खुर्चीत नेमकं काय करतात? मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, "तुमचा इव्हेंट कुठला?" बार्सवर उभं राहून पकडणारा माणूस सगळ्यांना हवा असतो, कारण ते काम अंगमेहनतीचं आहे, मुलगी वरच्या बारवरून सुटते तेव्हा खाली तुम्ही असता, दिवसाला शंभर वेळा. माझा डावा खांदा त्याच कामात गेला. बीम आणि फ्लोअरची कोरिओग्राफी बहुतेक ठिकाणी बायकांकडे जाते, व्हॉल्ट-बार्स पुरुषांकडे. ही वाटणी कुणी कागदावर लिहिलेली नाही पण चालते. त्याखेरीज प्रवासाची तिकिटं, हॉटेल, अभ्यासाचे तास, सरावाच्या नोंदी. आठवड्याला वीस तासांच्या वर सराव घेता येत नाही आणि एक दिवस सुटी द्यावीच लागते, असा एनसीएएचा नियम. त्या तासांचा हिशेब असिस्टंट ठेवते. बिनपगारी व्हॉलंटियरचं पद २०२३ पासून बंद झालं, हे बरं झालं. आधी त्या एका पायरीवर श्रीमंत घरच्या किंवा ऑलिम्पिकवाल्यांनाच उभं राहणं परवडायचं.

हेड कोच झाल्यावर मात्र पकडणं कमी होतं आणि सहा नावं लिहिणं सुरू होतं. मला हे काम शिकायला सगळ्यात वेळ लागला.

त्याचं गणित असं. राष्ट्रीय क्रमवारीसाठी संघाचे हंगामातले सर्वोत्तम सहा गुण घेतात, त्यांतले किमान तीन बाहेरच्या मैदानावरचे. सर्वांत मोठा काढून टाकतात आणि उरलेल्या पाचांची सरासरी. म्हणून वेळापत्रक आखतानाच अर्धी लढाई होते: कुठे जायचं, कधी जायचं, कुठल्या आठवड्यात मुलींना विश्रांती. व्हॉल्टचंही तसंच. २०१६ च्या हंगामापासून युर्चेंको फुलची (एका पूर्ण फिरकीच्या उडीची) सुरुवातच ९.९५ पासून धरतात. दीड फिरकीची उडी मारली तर १० मिळू शकतात, पण उतरताना समोर जमीन उशिरा दिसते, गुडघा जातो. अर्ध्या दशांशाच्या फायद्यासाठी मुलीचा गुडघा पणाला लावायचा का, हा निर्णय दर आठवड्याला घ्यावा लागतो. आणि कधीकधी दोन्हीकडून मार बसतो. २०२४ मध्ये अव्वल मानांकित ओक्लाहोमा उपांत्य फेरीत व्हॉल्टवर कोसळलं आणि अंतिम फेरीत गेलंच नाही. पुढच्या वर्षी त्यांनी परत जिंकलं. किंडलर आयोवा स्टेटच्या जिम्नॅस्ट, तिथेच असिस्टंट, तिथेच हेड कोच, आणि २००६ पासून ओक्लाहोमात. त्यांच्या आधी ओक्लाहोमाने एकही जिंकलं नव्हतं. २०१४ ते २०२५ मध्ये सात, त्यांतलं पहिलं फ्लोरिडाबरोबर वाटून.

माझी चूक सांगते, फुशारक्या पुरे. हेड कोच म्हणून तिसरं वर्ष. घरच्या मैदानावरची शेवटची लढत, शेवटच्या वर्षाच्या मुलींना फुलं वगैरे द्यायचा दिवस. बीमवर सहावी जागा रिकामी होती. पहिल्या वर्षाची एक मुलगी सरावात दगडासारखी स्थिर. दुसरीकडे चार वर्षं निमूट घाम गाळलेली एक सीनियर, वर्षभर बीमवर डगमगणारी. तिचे आईवडील आठ तास गाडी चालवून आले होते. मी सीनियरचं नाव लिहिलं. ती पडली. एक पडणं चाललं असतं, वरचे पाचच धरतात; पण त्याच फेरीत दुसरी एक पडली आणि एक पडझड हिशेबात आली. जानेवारीतला १९४.८ चा कमजोर आकडा बदलायला आम्हाला १९५.९ च्या आसपास हवे होते, झाले १९५.३२५. सरासरीत ०.१२ गेले. विभागीय फेरीत तेव्हा ३६ संघ घेत, आणि हंगामाअखेर आम्ही ०.०४ ने सदतिसावे.

त्या रात्री मला वाटलं मुलगी रडत येईल. ती आली, रडत नव्हती. म्हणाली, "तुम्ही मला उतरवायला नको होतं. मला माहीत होतं, तुम्हालाही माहीत होतं." मी पंधरा मुलींचा एप्रिल एका मुलीच्या आईबापांपुढे चांगलं दिसण्यासाठी खर्च केला होता. त्यानंतर मी नावं बुधवारी रात्री लिहून ठेवायला लागले आणि शुक्रवारी ती बदलायची असतील तर कारण मोठ्याने बोलून दाखवायचं, असिस्टंटसमोर. बोलताना लाज वाटली तर बदलायचं नाही.

दशांशाच्या या खेळाची दुसरी बाजूही आहे. २०१८ च्या अंतिम फेरीत यूसीएलएच्या पेंग पेंग लीने शेवटच्या बीमवर १० घेतले आणि संघ ०.०३७५ ने जिंकला. त्यांच्या कोच व्हॅलरी काँडोस फील्ड मूळच्या बॅले नर्तिका. स्वतः कधी जिम्नॅस्ट नव्हत्या. १९८० च्या दशकात कोरिओग्राफर-असिस्टंट म्हणून आल्या, १९९१ च्या हंगामापासून हेड कोच, आणि २०१९ ला निवृत्त होईपर्यंत सात विजेतेपदं. सुरुवातीची वर्षं इतर नामवंत कोचची नक्कल करून, कडक वागून फसली, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितलंय. मला हे वाचून दिलासा मिळाला होता, कारण माझ्या पहिल्या हंगामात मीही दादरच्या सरांचा आवाज काढत होते. तो आवाज त्यांना शोभायचा.

आणि आवाजाचा विषय आता हसण्यावारी नेण्यासारखा उरलेला नाही. मुलींवर लैंगिक अत्याचार करणारा अमेरिकी जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर, त्याच्या खटल्यात जानेवारी २०१८ मध्ये शंभरावर मुली न्यायालयात उभ्या राहून बोलल्या. त्यांत वीबरही होती. "कोच सांगेल ते निमूट" ही पद्धत किती महागात पडते हे त्या आठवड्यात सगळ्या देशाने ऐकलं. वजनाचा काटा, दुखापत लपवून उतरणं, जेवणावर टोमणे: माझ्या पिढीने हे सगळं शिस्त म्हणून गिळलं. आज मुलगी "दुखतंय" म्हणाली की निर्णय अ‍ॅथलेटिक ट्रेनरचा आणि डॉक्टरचा, कोचचा नाही. जुने कोच याला लाड म्हणतात. मला ते लाड वाटत नाहीत.

नवी मुलगी मिळवणं हा कामाचा सगळ्यात मोठा तुकडा, आणि सगळ्यात कमी मजेचा. पूर्वी आठवी-नववीतल्या मुली तोंडी शब्द देऊन टाकायच्या. आता दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासूनच फोन करता येतो. त्या दिवशी मध्यरात्री बाराला फोन लावणारे कोच आहेत. मीही लावलाय. मग ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, ज्यात तुम्ही घडवलेली मुलगी एप्रिलच्या एका सकाळी नाव टाकते. मग २०२१ पासून जाहिरातींचा पैसा मुलींना घेता येतो. आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर त्यात सामील झालेली विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पूर्वी पूर्ण शिष्यवृत्त्या बाराच असायच्या, आता संघात वीसपर्यंत मुली आणि शिष्यवृत्त्या किती द्यायच्या ते विद्यापीठाच्या तिजोरीवर. मधल्या फळीच्या संघांना हे जड जाणार, यात मला शंका नाही.

भरवशाबद्दल विचारलंत. सगळ्या विभागांत मिळून देशभर साधारण ऐंशीच कॉलेज संघ आहेत, म्हणजे हेड कोचच्या ऐंशी खुर्च्या, आणि त्यांतल्या काही तीस-तीस वर्षं रिकाम्या होत नाहीत. काही मोडूनही पडतात. फिस्क विद्यापीठाचा संघ २०२३ मध्ये मैदानात उतरला तो कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठांतला पहिला म्हणून; कोच कोरिन टार्व्हर, १९८९ ची राष्ट्रीय सर्वंकष विजेती. मोठं कौतुक झालं. २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२६ च्या हंगामानंतर बंद. टॅलाडेगा कॉलेजचा संघ तर एका हंगामात आटोपला. तिथे कोच वाईट नव्हते, पैसा नव्हता. त्यामुळे मुलीला नोकरीच्या मुलाखतीत विचारायला सांगा, संघाचा खर्च कुठल्या खात्यातून येतो आणि कुणाच्या देणगीवर चालतो. मी हा प्रश्न पहिल्या मुलाखतीत विचारला नाही आणि पहिली तीन वर्षं केकविक्रीतून लिओटार्ड शिवले.

पैशाचं म्हणाल तर टोकं लांब आहेत. मोठ्या सरकारी विद्यापीठांचे करार सार्वजनिक असतात, शोधून वाचा. वरच्या दहा-पंधरा हेड कोचना आयटीवाल्यांनी हेवा करावा असे आकडे दिसतील. छोट्या ठिकाणच्या असिस्टंटला मात्र घरभाडं देऊन उरतं ते विचारू नका. पहिली पाच-सहा वर्षं संध्याकाळी क्लबमध्ये शिकवून भर घालावी लागते.

मुंबई-पुण्याहून हे वाचणाऱ्यांसाठी एवढंच की भारतात कॉलेज कोच हे पद या स्वरूपात नाही; पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) डिप्लोमा करून साई, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरण, किंवा राज्याच्या केंद्रात जाणं हा तिकडचा रस्ता. इकडे यायचंच असेल तर विद्यापीठांच्या एच-वन-बी व्हिसाला लॉटरीतून जावं लागत नाही, पण आधी कुणीतरी तुम्हाला ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून घ्यायला हवं. मला घेतलं ते स्पॉटिंगला, म्हणजे पकडायला, माणूस कमी होता म्हणून.

तुमच्या मुलीने आता काय करावं? हंगाम संपेपर्यंत दर सोमवारी हेड कोचकडे जाऊन मागच्या लढतीची सहा नावं का लिहिली ते विचारायचं. उन्हाळ्यात क्लबमध्ये लेव्हल फोरच्या पोरी घ्यायच्या, लेव्हल टेनच्या नकोत. सात वर्षांच्या पोरीला कार्टव्हील शब्दांत सांगता आलं तर पुढचं जमेल. गुणदानाचे नियम पाठ करून जज्जची परीक्षा द्यायची. बायोलॉजी सोडायची नाही. मास्टर्स त्याच वळणाचं करून ग्रॅज्युएट असिस्टंटच्या जागा शोधायच्या, त्या एप्रिल-मे मध्ये निघतात आणि तोंडी भरतात, म्हणून आपल्या कोचला आत्ताच सांगून ठेवायचं.

आणि तिला कुठला इव्हेंट शिकवायला आवडेल ते विचारून मला कळवा. बार्स म्हणाली, तर आधी ऑर्थोपेडिककडे खांदे दाखवून यायला सांगा. माझा डावा अजून कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत जात नाही.